आयर्न शेफ अमेरिका : सिक्रेट खोटं, तास खरा

प्रश्न असा आहे : "आयर्न शेफ अमेरिका बघतोय, एका तासात पाच डिश करतात आणि मेन इन्ग्रेडियंट झाकण उघडल्यावरच कळतो म्हणे. हे खरंच शक्य आहे की सगळं आधीच ठरलेलं असतं? आणि ज्यांनी मूळचा जपानी शो बघितलाय ते लोक या रिमेकला इतकी नावं का ठेवतात?"

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. दादरच्या कॅटरिंग कॉलेजमधून बाहेर पडलो, पंधरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, त्यातली बहुतेक गरम लाइनवर, म्हणजे शेगडीसमोर, आणि गेली नऊ वर्षं टीव्हीच्या कुकरी शोंचं फूडचं काम बघतो. म्हणजे पडद्यामागचं. बाजार करणं, पँट्री भरणं, कुणाला काय हवंय त्याच्या याद्या मागवणं, हिरो प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याला दाखवायची खास प्लेट, सजवणं, आणि शूट संपल्यावर उरलेलं सगळं लाइटवाल्या पोरांना खायला घालणं. त्यामुळे हा शो मी बघतो तेव्हा माझी नजर शेफवर कमी आणि मागच्या ट्रॉलीवर जास्त असते, बायको म्हणते तुझ्याबरोबर कुठला कुकिंग शो बघणं म्हणजे शिक्षा आहे.

तर सिक्रेट इन्ग्रेडियंट. पूर्ण गुपित नसतो. अमेरिकेच्या शोमध्ये दोन्ही बाजूंना आधी एक छोटी यादी मिळते, चार-पाच पदार्थांची, की यातलाच एक निघणार. मग प्रत्येक शेफ त्यातल्या प्रत्येक पदार्थासाठी आपला मेन्यू मनात बांधतो आणि लागणाऱ्या सामानाची यादी देतो. नेमका कोणता निघणार हे झाकण वर गेल्यावरच कळतं पण "अरे देवा, ट्राउट!" असा जो चेहरा होतो तो थोडा नाटकी समजा. शोशी संबंधित लोकांनीच हे उघड सांगितलंय, लपवाछपवीही नाही.

आणि लोकांना वाटतं ही चीटिंग आहे. अहो पण विचार करा, दुसरं कसं करणार? समजा पदार्थ खरंच कुणालाच माहीत नाही. मग पँट्रीत काय भरू मी? एका शेफला कोंबू, म्हणजे जपानी समुद्रशेवाळ, लागणार, दुसऱ्याला मास्कारपोने चीज, तिसऱ्याला केळीची पानं, चौथ्याला ड्राय आइस. सगळं भरून ठेवलं तर अर्धं सामान फेकायचं, आणि नाही भरलं तर शेफ एक तास मीठ-मिरी-लोणी यावरच काढणार, मग सगळ्या एपिसोडला जेवण एकसारखं दिसेल. मी एका हिंदी शोमध्ये हा "खरं सरप्राइज" प्रकार करून बघितलाय, चॅनलच्या क्रिएटिव्हचा हट्ट होता, नाव नको. स्पर्धकाला निघाले बोंबील. तो कानपूरचा. त्याने बोंबील आयुष्यात हातात धरला नव्हता, सोलायचा कसा ते माहीत नाही, पाणी सुटतं ते माहीत नाही, दाबून ठेवायला लागतो ते तर नाहीच नाही. चाळीस मिनिटांनी कढईत नुसता लगदा. टेलिकास्टमध्ये ते फार करुण संगीत लावून दाखवलं पण आम्ही आत सगळे शरमेने मान खाली घालून उभे, कारण त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. ओळख नसलेल्या पदार्थाशी झुंज लावली की त्यात कौशल्य दिसत नाही, फजिती दिसते.

म्हणून यादी आधी देणं मला मान्य आहे. मला खटकतं ते वेगळं, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जानेवारी २०१० चा व्हाइट हाऊसवाला खास एपिसोड. मिशेल ओबामांनी स्वतः घोषणा केली की व्हाइट हाऊसच्या भाजीच्या वाफ्यात जे पिकतं तेच आजचं इन्ग्रेडियंट. एका बाजूला बॉबी फ्ले, शोचा आयर्न शेफ म्हणजे कायमचा लढवय्या, आणि व्हाइट हाऊसच्या तेव्हाच्या शेफ क्रिस्टेटा कॉमरफोर्ड, दुसऱ्या बाजूला दुसरा आयर्न शेफ मारिओ बटाली आणि टीव्हीवरचा नावाजलेला शेफ एमेरिल लगासे. शेफ मंडळी वाफ्यातून भाजी खुडताना दाखवली. नंतर कळलं की न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जे शिजलं ते त्या वाफ्यातलं नव्हतंच, दुसरीकडून आणलेली तशीच भाजी होती, कारण खुडणं आणि शिजवणं यात काही दिवसांचं अंतर होतं. फूड टीमच्या बाजूने बघितलं तर यात काहीच विशेष नाही, कोथिंबिरीची जुडी चार तासांत मान टाकते, दिवसांनंतरची भाजी काय दाखवणार. पण सांगायचं ना मग! एक ओळ सांगितली असती तर कुणी ओरडलं नसतं.

आता तास. इथे मी छातीठोकपणे बोलतो, एका तासात पाच डिश होतात. पण "एका माणसाकडून" नाही. प्रत्येक शेफबरोबर दोन मदतनीस असतात, आणि ते दोघं रस्त्यावरून उचललेले नसतात, वर्षानुवर्षं त्याच्याच लाइनवर उभे राहिलेले असतात. चांगली टीम असली की शेफ तोंडही उघडत नाही. नुसतं बघतो आणि पलीकडच्याच्या हातात पॅन जातो. म्हणजे तीन माणसांचे मिळून तीन तास झाले. शिवाय घरातून डोक्यात मेन्यू शिजवून आलेत, तोही वेळ मोजा. शुक्रवारी रात्री भरलेल्या हॉटेलात एका तासात आम्ही दीडशे प्लेटा काढायचो, पण मीझाँ, म्हणजे कापणं-वाटणं-उकडणं, दुपारपासून झालेलं असायचं. या शोमध्ये तेच नसतं. कांदा सोलण्यापासून सुरुवात. ही खरी मेख आहे आणि बघणाऱ्याला ती जाणवत नाही.

तासात काय बसतं आणि काय नाही ते डोळ्यांसमोर आणा. हाडांचा नीट स्टॉक बसत नाही, त्याला अर्धा दिवस पाहिजे. ब्रेज केलेलं, म्हणजे थोड्या रसात मंद आचेवर तासन्तास शिजवलेलं मांस बसत नाही, म्हणून प्रेशर कुकर. आइस्क्रीम बसतं पण मिश्रण पहिल्या पंचवीस-तीस मिनिटांत मशीनमध्ये गेलं पाहिजे, नाहीतर शेवटी सूपच वाढायचं. यीस्टचा ब्रेड नाही. पास्ता, हो, पीठ मळून वीस मिनिटं झाकून ठेवा, तोवर दुसरं काम. तळण शेवटच्या सात मिनिटांत. म्हणजे कोण जिंकणार हे बऱ्याचदा पहिल्या दहा मिनिटांतच कळतं, जो आधी मशीन आणि कुकर यांच्याकडे धावला तो शहाणा, जो आधी सुंदर बारीक चिरत बसला तो गेला.

कुकरवरून आठवलं. आमच्या मराठी शोमध्ये एका बाईंनी मालवणी मटण घेतलं, अट एक तासाची, त्यांनी वाटण भाजायला घेतलं आणि दुसरीकडे कुकर लावला. बरोबर केलं, मीही तेच केलं असतं. पण पहिली शिट्टी झाली आणि साउंडवाला हेडफोन फेकून उठला, "कट, कट! शिट्टी कोण वाजवतंय!" मग डायरेक्टर म्हणतो कुकर बंद करा, बाई म्हणतात मटण कच्चं राहील, शेवटी तोडगा निघाला की शिट्टी येणार असं वाटलं की मी मागून वाकून जाऊन वजन उचलायचं आणि वाफ हळू सोडायची. अख्खा एपिसोड मी ओट्याच्या मागे बसून काढला. टीव्हीवर दिसत नाही पण दोन ठिकाणी माझी टोपी दिसते. त्यांचे परदेशी कुकर बिनशिट्टीचे असतात म्हणून त्यांचं बरं आहे.

आणि जो भाग खरंच खोटा असतो त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे चाखणं. टीव्हीवर वेळ संपली, भोंगा वाजला, पुढच्या शॉटला परीक्षक घास घेतायत. मध्ये काय होतं? कॅमेरे फिरवतात, लाइट बदलतात, प्रत्येक प्लेटचा जवळून शॉट घेतात, परीक्षकांचा मेकअप होतो, मग एक शेफ आपले पाचही पदार्थ एकेक करून वाढतो, प्रत्येकावर चर्चा, मग दुसऱ्याची पाळी. ज्याचा नंबर दुसरा त्याचं अन्न किती वेळ थांबलं असेल? आमच्याकडे एकदा दीड तास गेला होता, स्टुडिओच्या एसीत तूप गोठून साटोरीवर मेणबत्तीसारखं पांढरं झालं होतं. म्हणून अनुभवी शेफ या शोमध्ये काय निवडतात बघा : सेविचे (लिंबात मुरवलेला कच्चा मासा), टार्टार (बारीक चिरलेलं कच्चं मांस किंवा मासा), गार सूप, टेरीन (साच्यात दाबून गार केलेली मांसाची वडी), असं काहीतरी जे थांबलं तरी मरत नाही. कुरकुरीत काही केलं तर सॉस बाजूला. हे ज्याला कळत नाही तो हातात कितीही कला असली तरी हरतो.

गुण कसे देतात तेही सांगून टाकतो, अमेरिकेत तीन परीक्षक, प्रत्येकाकडे २०, त्यात चवीला १०, मांडणीला ५ आणि कल्पकतेला ५. म्हणजे निम्मे मार्क चवीचे. गार झालेल्या चवीचे.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. मूळ शोवाले रिमेकला नावं का ठेवतात.

मूळ नाव "र्योरी नो तेत्सुजिन", फुजी टीव्हीवर १० ऑक्टोबर १९९३ ला सुरू झाला आणि १९९९ च्या सप्टेंबरला संपला. अर्थ साधारण पाककलेचे लोहपुरुष, आता लोहपुरुष म्हटलं की आपल्याला सरदार पटेल आठवतात पण तिथे शेफ. गोष्ट अशी रचलेली की एका विक्षिप्त श्रीमंत माणसाने स्वतःच्या वाड्यात किचन स्टेडियम बांधलंय आणि नव्या नव्या चवी चाखायला मिळाव्यात म्हणून तो देशभरचे शेफ बोलावून आपल्या लोहपुरुषांशी भिडवतो. तो चेअरमन म्हणजे ताकेशी कागा. हा माणूस म्युझिकलचा नट, जपानी रंगभूमीवर गाऊन नाव कमावलेला. जरीचे कोट, केसांची झुलपं, हातमोजे, आणि सुरुवातीलाच कच्ची पिवळी ढोबळी मिरची कचकन चावतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. आपल्याकडे संगीत नाटकात कसं पडदा वर जायच्या आधी नांदी व्हायची आणि प्रेक्षक सरसावून बसायचे, तसा तो मिरचीचा घास. हे हास्यास्पद आहे हे त्याला पूर्ण माहीत आहे आणि तरी तो एक क्षणही डोळा मारत नाही. तिथेच सगळी गंमत आहे. त्याने एकदा जरी "बघा हं मी विनोद करतोय" असं दाखवलं असतं तर सगळं कोसळलं असतं.

आणि या सगळ्या नाटकाच्या आत स्वयंपाक मात्र एकदम गंभीर. कॉमेंट्रीला केंजी फुकुइ, मूळचा टीव्ही अनाउन्सर. त्याच्या शेजारी युकिओ हात्तोरी, जे स्वतः पाककला आणि पोषणाची संस्था चालवायचे, २०२४ मध्ये वारले. खाली ओट्यांमधून धावत बातम्या देणारा शिनइचिरो ओता, जो दर दोन मिनिटांनी "फुकुइ-सान!" अशी हाक मारायचा. अमेरिकेत डब झाल्यावर ती हाक इतकी पॉप्युलर झाली की लोक घरात एकमेकांना तशीच हाक मारायचे. क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं सगळं, "आव्हान देणाऱ्याने आता सुरमईचं पोट उघडलंय, तो काय करतोय, अरे, तो यकृत बाजूला ठेवतोय!" आणि मग हात्तोरी शांतपणे सांगणार की यकृत का ठेवलं. शिकायला मिळायचं हो.

पैसा म्हणाल तर हात आखडता नव्हता. सहा वर्षांत सामानाचं बिल झालं ८४ कोटी ३३ लाख येनच्या वर. त्यात ४,५९३ अंडी आणि १,४८९ ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी. अंड्यांच्या तीन मागे एक ट्रफल पडतो म्हणजे काय उधळपट्टी असेल. मी आमच्या प्रोड्युसरला हा आकडा एकदा दाखवला तर तो म्हणाला पुढच्या आठवड्यापासून काजूऐवजी शेंगदाणे घ्या.

पण रिमेकमध्ये हरवलं ते पैसा किंवा जरीचा कोट नाही. हरवली ती घराणी.

हे जरा नीट सांगतो. जपानी शोमध्ये लोहपुरुष स्वयंपाकाच्या परंपरेप्रमाणे होते. जपानी, फ्रेंच, चिनी, नंतर १९९७ पासून इटालियन. जपानीला आधी रोकुसाबुरो मिचिबा, जो सुरुवातीला ब्रशने कागदावर मेन्यू लिहायचा, तास पळतोय आणि हा सावकाश अक्षरं काढतोय, आणि मग ढीगभर सुकवलेल्या माशाचे पापुद्रे आणि कोंबू टाकून आपलं ते प्रसिद्ध दाशी, म्हणजे जपानी स्टॉक, काढायचा. चिनीला चेन केनइची, पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेला एकटा, याच्याच वडिलांनी जपानला मापो तोफूची, म्हणजे झणझणीत चिनी तोफूची, गोडी लावली. म्हणजे मुलगा ओट्यावर उभा राहिला की मागे बाप दिसायचा लोकांना. २०२३ मध्ये गेला तो. फ्रेंचला हिरोयुकी साकाई, सगळ्यात देखण्या प्लेटा. आणि समोरून येणारे आव्हानवीरही कुणाचे तरी शिष्य असायचे, गुरू प्रेक्षकांत बसलेला, कधी आधी हरलेल्या गुरूचा बदला घ्यायला शिष्य येणार. जपानी घराण्याची गादी १९९८ मध्ये मोरिमोतोकडे आली, तो न्यूयॉर्कच्या नोबू रेस्टॉरंटमधून आलेला, जपानी जेवणात काहीही मिसळायचा, तर तादामिची ओता नावाच्या बुजुर्ग शेफने आपली अख्खी फळीच उभी केली, बॅनर घेऊन, की हा आमचं जेवण बिघडवतोय, याला पाडा. एकामागून एक माणसं पाठवली. आता हे भांडण कशासारखं आहे सांगा? ख्यालात ठुमरीची हरकत घेतली म्हणून गायकाला पिढ्यान्पिढ्या ऐकवणारे लोक आपल्याकडे आहेतच की. त्यामुळे निकाल लागला की नुसता एक माणूस जिंकायचा नाही, एक बाजू जिंकायची. पोटात गोळा यायचा.

अमेरिकेत हे भांडणच नाही. तिथे सुरुवातीला थोडं होतं, बटाली इटालियन, फ्ले साउथवेस्टचा, मोरिमोतो जपानी. पुढे आयर्न शेफ वाढत गेले, २००५ मध्ये कॅट कोरा आली, पहिली बाई, जे जपानी शोला शेवटपर्यंत जमलं नव्हतं आणि हे रिमेकच्या बाजूने मोठ्याने सांगितलं पाहिजे. मग २००७ पासून निवडीसाठी "नेक्स्ट आयर्न शेफ" ही वेगळी स्पर्धाच, मायकल सायमन, होसे गार्सेस वगैरे. सगळे उत्तम शेफ, पण कोण कुठल्या बाजूने लढतोय? स्वतःच्या. मग तो खेळ झाला. चांगला खेळ, पण खेळ.

तिथलं भाषांतर कसं फसू शकतं ते त्यांनी आधीच करून बघितलं होतं. २००१ मध्ये "आयर्न शेफ यूएसए" म्हणून लास वेगसमध्ये दोन भाग केले, चेअरमन कोण तर विल्यम शॅटनर, स्टार ट्रेकवाला. प्रेक्षक कुस्तीच्या आखाड्यासारखे ओरडतायत, कॉमेंट्रीत जोक, आणि स्वयंपाक शोधावा लागतो. दोन भागांत आटोपलं. तिथे कागाच्या उलट झालं होतं, सगळेजण डोळा मारत होते.

२००४ च्या "बॅटल ऑफ द मास्टर्स" मध्ये, म्हणजे आयर्न शेफ अमेरिकाच्या पहिल्या छोट्या मालिकेत, मात्र त्यांना सूर सापडला. चेअरमन मार्क डकॅस्कोस, हवाईचा, मार्शल आर्टवाला, आणि गोष्ट अशी लावली की हा त्या जपानी चेअरमनचा पुतण्या. दरवेळी "माझ्या काकांच्या शब्दांत सांगतो" म्हणून "आले क्विझीन" (चला, स्वयंपाकाला लागा) ओरडतो. म्हणजे गादी काकाकडून पुतण्याकडे! काका-पुतण्या म्हटल्यावर मराठी माणसाला जे आठवतं ते इथे सोडून देऊ. पण युक्ती सुंदर आहे, मूळ शोची आठवण पुसायची नाही, तिच्या नात्यात बसायचं. आणि दुसरी हुशारी म्हणजे फुकुइ आणि हात्तोरी दोघांचं काम एकट्या अॅल्टन ब्राउनला दिलं. तो बोलतोच इतका की कधी कधी मी आवाज बंद करतो, पण प्रोटीन का आकसतं, जिलेटिन कधी धरतं, हे चालत्या लढतीत तो इतकं झटकन सांगतो की मी माझ्या शिकाऊ पोरांना त्याचे भाग दाखवायचो. साकाईने त्या पहिल्या मालिकेत फ्लेविरुद्ध ट्राउटचं आइस्क्रीम केलं होतं, लोक अजून हसतात. पण एका पदार्थाच्या पाच डिश करायच्या म्हटल्या की पाचवी गोडाची येते, आणि माशाचं गोड करायचं तर दुसरं काय करणार हो. त्यापेक्षा आपल्या कोकणातल्या आजीला मे महिन्यात फणस देऊन बघा. कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, गरे, सांदणं, आठळ्यांची भाजी, फणसपोळी. पाच झाले, आणि त्यात कुणी हसणार नाही.

बॉबी फ्ले आणि मोरिमोतोचा किस्सा सांगितल्याशिवाय या विषयातून सुटका नाही. हा रिमेकच्या आधीचा, २००० साल, जपानी शोवालेच न्यूयॉर्कला आले, इन्ग्रेडियंट रॉक क्रॅब. फ्लेने बोट कापून घेतलं, खाली पाणी साचलेलं त्यात शॉक बसला, वैतागलेला होता, आणि वेळ संपल्यावर आनंदाने उडी मारून कटिंग बोर्डवर उभा राहिला आणि हात वर करून प्रेक्षकांना ओरडायला लावलं. मोरिमोतो म्हणाला, तो शेफ नाही. जपानमध्ये सुरी आणि बोर्ड पवित्र. लोकांना तेव्हा ते फार ताणलेलं वाटलं. मला नाही वाटलं. माझ्या आजीच्या पोळपाटावर मी लहानपणी एकदा उभा राहिलो होतो, खुंटीवरची पिशवी काढायला, तेव्हा काय झालं ते मला अजून आठवतंय आणि ती काही आयर्न शेफ नव्हती. मजा म्हणजे पुढच्या वर्षी जपानमध्ये परत लढत झाली, यावेळी लॉबस्टर, फ्ले जिंकला, आणि जाताना त्याने बोर्ड उचलून फेकला आणि मग ओट्यावर चढला. म्हणजे ऐकलं तर खरं! आणि २००४ ला अमेरिकेत हेच दोघं एका टीममध्ये, समोर बटाली आणि साकाई. भांडण मिटलं ते बरं झालं, पण तुम्ही विचारता ना की मूळ शोवाले नाराज का, तर हेच. ज्या दिवशी ते दोघं एका बाजूला उभे राहिले त्या दिवशी त्यांना काहीतरी संपल्यासारखं वाटलं.

आता मूळ शोच्या भक्तांना टोचेल असं सांगतो. जपानने स्वतःही रिमेक केला. ऑक्टोबर २०१२, त्याच फुजी टीव्हीवर, चेअरमन हिरोशी तामाकी, नवे तीन लोहपुरुष, आणि नाव? "आयर्न शेफ". स्वतःचं जपानी नाव टाकून अमेरिकेतून परत आलेलं इंग्रजी नाव. काही महिन्यांतच बंद पडला. स्टेडियम चकाचक होतं, शेफ चांगले होते, युजी वाकिया तर चिनी स्वयंपाकातला मोठा माणूस. पण १९९३ मध्ये जपानी लोकांना बरगंडीचा ट्रफल आणि हंसाचं यकृत एकत्र बघायचं अप्रूप होतं, वीस वर्षांनी ते उरलं नव्हतं. म्हणजे नुसतं "अमेरिकेने वाट लावली" असं म्हणून चालत नाही, काळ गेला. थायलंडमध्ये मात्र २०१२ पासूनच सुरू झालेला शो जोरात चालला, कारण तिथे प्रेक्षकाला त्या जेवणाबद्दल मत आहे, भांडायला तयार आहे तो. नेटफ्लिक्सचा २०२२ चा आठ भागांचा बघितला, कॅमेरा अप्रतिम, बडबड फार, एकदा बघून सोडून द्या.

आपल्याकडे का झाला नाही असंही कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो. आपल्या चॅनलना घरची माणसं हवी असतात, अश्रू हवे असतात, व्यावसायिक शेफ रडत नाही, तो फार तर शिव्या देतो आणि त्या कापाव्या लागतात. जवळचा प्रकार म्हणजे २०१२ चा "फूडिस्तान", भारत विरुद्ध पाकिस्तान, दोन्हीकडे खरे शेफ, मनीष मेहरोत्रा जिंकला. तिथे बघा कशी बाजू होती! बिर्याणी कुणाची यावर लोक सोफ्यावरून उठून भांडत होते. तो फॉर्म्युला जपानी शोच्या सगळ्यात जवळ जाणारा होता असं माझं मत.

बाकी आपली माणसं तिकडे पोचलीच. मुंबईचा जहांगीर मेहता २००९ च्या "नेक्स्ट आयर्न शेफ" मध्ये शेवटच्या दोघांत होता, मूळचा पेस्ट्रीचा माणूस, गार्सेसकडून हरला. आणि मोरिमोतो इकडे आला, २००४ मध्ये मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये त्याचं "वसाबी" रेस्टॉरंट सुरू झालं. तेव्हा मी दुसऱ्या हॉटेलात ज्युनिअर होतो, पगार इतका की तिथे फक्त पाणी परवडलं असतं, पण तिथल्या एका कॉमी, म्हणजे शिकाऊ स्वयंपाकी, मित्राने एकदा मागच्या दाराने आत नेलं. जेवण नाही मिळालं. कटिंग बोर्ड बघायला मिळाले, सर्व्हिस संपल्यावर मीठ लावून घासून उभे करून वाळत ठेवलेले. त्याला म्हटलं एवढं कशाला, तर तो म्हणाला तू फक्त त्याच्यावर हात टेकवून बघ, काय होतं ते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर फ्ले आणि मोरिमोतोच्या दोन्ही लढती आधी बघा, पाठोपाठ. मग २००४ चे भाग. आणि बघताना एकदा मोबाइलवर तासाचं टायमर लावून शेजारी कांदा चिरायला बसा.